दातांतला पारा आणि परीक्षेची परीक्षा

पारा हा धातू मोठा चंचल. तळहातावर घेतला तर ठरत नाही, जमिनीवर सांडला तर शंभर थेंब होऊन फटींत शिरतो आणि उघडा ठेवला तर डोळ्यांना न दिसता हवेत मिसळतो. पाऱ्याविषयीची भीतीही काहीशी तशीच आहे. ती एका जागी स्थिर राहत नाही. कारखान्यातील पाऱ्याची भीती माशाला चिकटते, माशातील पाऱ्याची भीती दातात भरलेल्या ‘चांदी’ला चिकटते, आणि शेवटी ती अशा एखाद्या प्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभी राहते, जिथे भीतीची किंमत रोख घेतली जाते.

जिनेव्हा येथे नोव्हेंबर २०२५ मध्ये मिनामाता करारातील सहभागी राष्ट्रांची सहावी परिषद भरली आणि दात भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पारदमिश्रणाचा वापर २०३४ पर्यंत संपुष्टात आणावा, असे तिने ठरविले. भारताने या करारावर २०१४ साली सही केली व २०१८ साली त्यास रीतसर मान्यता दिली. त्यामुळे या निर्णयाचे बंधन आपल्यावरही येते. निर्णय स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. तथापि अशा निर्णयाची बातमी वाचल्यावर सामान्य माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो राष्ट्रांच्या धोरणाचा नव्हे, स्वतःच्या तोंडाचा. माझ्या दाढेत वीस वर्षांपूर्वी चांदी भरली आहे. तिच्यातला पारा माझ्या अंगात भिनला असेल काय? तो तपासून घेता येईल काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र बाजारात जसे मिळते तसे ते नाही, म्हणूनच या विषयाला आज आम्ही ही जागा देत आहोत.

आमच्या परिचयातील एका सेवानिवृत्त शिक्षकांची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. गेल्या काही काळापासून त्यांच्या हातांना कंप सुटू लागला होता, झोप उडाली होती, वजन उतरले होते. कोणीतरी त्यांना सांगितले की हा सारा दातांतील पाऱ्याचा प्रताप होय. त्यांनी आपल्या केसांची एक बट पाकिटात घालून परगावच्या एका प्रयोगशाळेकडे पाठविली. परत आलेल्या कागदावर पाऱ्यासमोरची रेघ लाल रंगाच्या रकान्यात जाऊन पोचली होती. मग एका दवाखान्यात त्यांना एक गोळी देऊन लघवीची तपासणी झाली आणि तीही रेघ लालच निघाली. सात दाढांतील चांदी एकदम काढून टाकावी व त्यानंतर शरीरातील विष ओढून काढणारी सलाइने घ्यावीत, असा सल्ला त्यांना मिळाला. खर्चाचा आकडा त्यांच्या सहा महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढा होता. या गृहस्थांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी त्या दोन लाल रेघांचा अर्थ पाहू.

दातात भरली जाणारी ‘चांदी’ ही नावाचीच चांदी. तिच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग पारा असतो. उरलेल्या अर्ध्यात चांदी, कथील व तांबे यांची भुकटी असते. दोहोंचे मिश्रण प्रथम लोण्यासारखे मऊ असते आणि पोकळीत दाबून बसविल्यावर घट्ट होते. स्वस्त, टिकाऊ आणि ओलसर तोंडातही नीट बसणारे असे हे मिश्रण दीडशे वर्षांहून अधिक काळ जगभरच्या गोरगरिबांच्या दाढा वाचवीत आले आहे, हे उपकार विसरून चालणार नाही. मात्र घट्ट झाल्यावरही ते पूर्णपणे निश्चल होत नाही. चावताना, ऊन ऊन चहा पिताना, झोपेत दात खाताना त्याच्या पृष्ठभागावरून पाऱ्याची अत्यल्प वाफ सुटते. श्वासावाटे आत गेलेल्या अशा वाफेपैकी सुमारे ८० टक्के भाग फुप्फुसांतून रक्तात शिरतो. त्यातला काही मेंदूपर्यंत जातो आणि बराचसा मूत्रपिंडांत साठून हळूहळू लघवीवाटे बाहेर पडतो. उलट गिळला गेलेला धातुरूप पारा आतड्यांतून जवळजवळ शोषलाच जात नाही. म्हणजे भीतीला आधार मुळीच नाही, असे नाही. प्रश्न आहे तो प्रमाणाचा.

हा वादही आजचा नव्हे. १८३३ साली क्रॉकोर नावाच्या दोघा बंधूंनी हे मिश्रण न्यूयॉर्कमध्ये आणले आणि दंतवैद्यकाच्या धंद्यात यादवी माजली. अमेरिकेतील त्या वेळच्या दंतवैद्यांच्या संघटनेने आपल्या सभासदांकडून पारदमिश्रण न वापरण्याची शपथ लिहून घेतली. पण स्वस्त इलाजापुढे शपथा टिकल्या नाहीत. १८५६ साली ती संघटनाच मोडली आणि १८५९ साली जी नवी संघटना उभी राहिली, तिने अशी शपथ मागितली नाही. पुढे १९२६ साली आल्फ्रेड स्टॉक या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्याच्या वाफेविरुद्ध इशारा दिला. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे पारा हाताळून तो स्वतःच विषबाधेने पोळला होता. १९९० साली अमेरिकेतील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ‘तुमच्या तोंडात विष आहे काय?’ असा सवाल टाकला आणि तिसऱ्यांदा धुरळा उठला. दाढेतील चांदी काढण्याचा पुरस्कार करणाऱ्या कोलोरॅडोतील हल हगिन्स या बहुचर्चित दंतवैद्याचा व्यवसायाचा परवाना १९९६ साली रद्द झाला. वाद मात्र त्याच्याबरोबर संपला नाही.

आता परीक्षेकडे वळू. ‘पाऱ्याची तपासणी’ असे आपण एका दमात म्हणतो, परंतु पारा एक नाही आणि तपासणीही एक नाही. दातांतून सुटतो तो धातुरूप पाऱ्याच्या वाफेचा अंश. माशांतून येतो तो मिथिल पारा, म्हणजे कर्बाशी जोडला गेलेला सेंद्रिय पारा. दोघांचे नाव एक, कूळ एक, पण शरीरातील वाटा वेगळ्या. मिथिल पारा आतड्यांतून जवळजवळ सगळाच शोषला जातो, रक्तातील तांबड्या पेशींत बसतो आणि केस वाढताना केसांत उतरतो. वाफेतून आलेला पारा मूत्रपिंडांत साठतो आणि लघवीत उतरतो. म्हणजे केसांची तपासणी ही मुख्यतः माशांची साक्ष आहे, दातांची नव्हे. रक्ताची तपासणी दोहोंची सरमिसळ सांगते, आणि मासे खाणाऱ्याच्या बाबतीत त्या सरमिसळीत माशांचाच आवाज मोठा असतो. दातांतील पाऱ्याविषयी काही सांगू शकेल अशी साक्ष एकच, आणि ती म्हणजे लघवीची साधी तपासणी.

हा भेद कोणाला नसला तरी आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना समजलाच पाहिजे. ज्यांच्या घरी सोमवार, एकादशी आणि श्रावण सोडला तर माशांच्या आमटीवाचून शीत घशाखाली उतरत नाही, अशांच्या केसांत पारा सापडणे हे आश्चर्य नव्हे. न सापडणे हे आश्चर्य ठरेल. त्यातही मासा मासा सारखा नाही. तारले, बांगडा यांसारखे लहान व अल्पायुषी मासे पारा थोडाच साठवतात. इसवण, मोरी, मोठा कुप्पा असे दुसऱ्या माशांवर जगणारे मोठे मासे तो अधिक साठवतात, कारण लहान मोठ्याच्या पोटात जातो तसा त्याचा पाराही जातो आणि वर्षानुवर्षे तेथेच राहतो. कॉस्टिक सोडा करणारे जुन्या पद्धतीचे कारखाने पारा वापरीत. ठाण्याच्या खाडीत आणि कारवारजवळच्या बिणगा येथे त्या पाऱ्याचा माग अभ्यासकांनी गाळापासून माशांपर्यंत काढलेला आहे. ज्या मिनामाता गावाचे नाव आज या कराराला मिळाले आहे, तेथे १९५६ साली उघडकीस आलेला भयंकर रोग हाही मिथिल पाऱ्याचा होता. कारखान्याने समुद्रात सोडला, माशांनी साठविला आणि कोळ्यांच्या मुलाबाळांनी भोगला. दंतवैद्याच्या खुर्चीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आमच्या शिक्षकांच्या पहिल्या लाल रेघेचा उगम हा असा ताटात होता, दाढेत नव्हता.

लाल रेघेचा दुसरा प्रकार अधिक घातक आहे. शरीरातील धातूंना पकडून लघवीवाटे बाहेर काढणारी काही औषधे आहेत. खऱ्या विषबाधेत ती प्राण वाचवितात. पण हेच औषध निरोगी माणसास दिले आणि त्यानंतरची लघवी तपासली, तर तिच्यात पारा वाढलेला दिसणारच, कारण थोडाबहुत पारा कोणाच्या अंगात नसतो? विहिरीत घागर न टाकता काठावर जमलेले पाणी मोजायचे, ही एक रीत. पंप लावून उपसलेले पाणी मोजायचे, ही दुसरी. पंपाने उपसलेल्या पाण्याला काठावरच्या पाण्याचे माप लावले तर प्रत्येक विहिरीला पूर आला आहे असेच ठरेल. औषध देऊन काढलेल्या लघवीची तुलना औषध न घेतलेल्या माणसांच्या प्रमाणाशी करणे हा नेमका असाच हिशेब आहे. अमेरिकेतील विषवैद्यकतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २००९ साली स्पष्ट निवेदन केले की अशा तपासणीला शास्त्रीय आधार नाही, तिचा लाभ सिद्ध झालेला नाही आणि तिच्यापासून अपायही होऊ शकतो. अपाय म्हणजे काय, हेही सांगितले पाहिजे. २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत धातू ओढून काढणारे औषध शिरेतून दिल्यानंतर रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरून तिघांना मृत्यू आला आणि त्यांत दोन बालके होती. विष काढावयास गेले आणि प्राण घालवून बसले!

तिसरा प्रकार तोंडातील वाफ मोजण्याचा. रुग्णास काही वेळ रबरासारखा गोंद चघळावयास लावायचा, दाढांवर ब्रश घासायचा आणि मग कारखान्यांसाठी बनविलेल्या यंत्राची नळी तोंडात धरून आकडा वाचायचा. तोंडाची पोकळी मूठभर, यंत्र हवा ओढते झपाट्याने, आणि माणूस दिवसभर श्वास घेतो तो बहुतांशी नाकाने. त्या क्षणाच्या आकड्याला दिवसभरातील साऱ्या श्वासांनी गुणले, म्हणजे कारखान्यातील कामगारालाही लाजविणारे उत्तर येते. गणित बिनचूक असते. चुकीचे असते ते गृहीतक.

मग खऱ्या तपासणीत काय दिसते? अमेरिकेच्या सैन्याशी संबंधित १,१२७ पुरुषांची तपासणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. चांदी भरलेल्या दर दहा पृष्ठभागांमागे लघवीतील पारा लिटरला सुमारे एक मायक्रोग्रॅमने वाढतो, असे तीत दिसले. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षांश. आता तुलनेसाठी मर्यादा पाहा. जर्मनीतील तज्ज्ञ-आयोगाने लिटरला ७ मायक्रोग्रॅमपर्यंतचे प्रमाण निश्चिंत राहण्याजोगे मानले आहे आणि २५ च्या पुढे उपाय करावा असे म्हटले आहे. पाऱ्यात काम करणाऱ्यांच्या लघवीत, क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे, २० मायक्रोग्रॅमच्या पुढे पारा जाऊ नये, असा अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांचा आजचा दंडक आहे. हाताला कंप आणि मनाचा तोल जाणे अशी ठसठशीत लक्षणे सामान्यतः शंभराच्या आसपास व त्यापुढे दिसतात. ज्याच्या तोंडात पाचसहा दाढा भरलेल्या आहेत त्याच्या लघवीत यामुळे एक-दोन मायक्रोग्रॅमची भर पडेल. चिंतेची पायरी आणि ही भर यांत अंतर किती, हे वाचकांनीच ताडावे.

मुलांविषयीचा पुरावा त्याहून मोलाचा आहे. २००६ साली दोन मोठे प्रयोग एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील ५३४ मुलांवर पाच वर्षे चाललेला, दुसरा पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील कासा पिया संस्थेतील ५०७ मुलांवर सात वर्षे चाललेला. निम्म्या मुलांचे दात पारदमिश्रणाने भरले, निम्म्यांचे पांढऱ्या मिश्रणाने, आणि कोणाला काय, हे चिठ्ठीसारखे नशिबावर सोडले. लघवीतील पारा पहिल्या गटात थोडा अधिक भरला. पण बुद्धी, स्मरण, एकाग्रता, हातांचे कौशल्य यांत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक आढळला नाही.

आणि तरीही ज्यांना बरे वाटत नाही त्यांचे काय? म्युनिक येथे २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात विचार करावयास लावणारा आहे. आपली दुखणी दातांतील पाऱ्यामुळेच आहेत असे मानणारे ९० रुग्ण निवडले. एका गटाची चांदी काढली, दुसऱ्याची काढून शिवाय जीवनसत्त्वांचा व खनिजांचा उपचार केला, तिसऱ्याची चांदी तशीच ठेवून फक्त आहार, व्यायाम, विश्रांती यांची शिस्त लावली. वर्षाने पाहिले तो तिन्ही गटांना सारखाच आराम पडला होता. त्यांची दुखणी खोटी होती, असा याचा अर्थ नव्हे. दुखणी खरी होती. दोष मात्र चुकीच्या आरोपीवर लावला गेला होता. शिवाय चांगली बसलेली चांदी यंत्राने कोरून काढताना तिच्यातून जितकी वाफ सुटते तितकी ती सुखाने पडून राहिली असता सुटत नाही, आणि निरोगी दाताचा भागही त्यापायी खरवडला जातो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की ‘तुम्ही तर पाऱ्याची वकिलीच चालविली आहे.’ तसे मुळीच नाही. पाऱ्याच्या बाबतीत वैद्यकाने भूतकाळात केलेल्या चुका आम्ही विसरलेलो नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतील हजारो बालकांचे हातपाय गुलाबी होऊन सोलत, ती रात्रंदिवस कळवळत आणि पुष्कळदा दगावत. कारण कोणालाच कळेना. अखेर १९४० च्या दशकात सिनसिनाटी येथील डॉक्टरांनी अशा एका बालकाची लघवी तपासली आणि तीत पारा सापडला. दात येताना बाळांना चाटविल्या जाणाऱ्या पुडींत पाऱ्याचा क्षार होता! १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये त्या पुडी मागे घेतल्या गेल्या आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. लघवीची योग्य तपासणी, योग्य प्रश्नासाठी, योग्य वेळी झाली म्हणजे ती काय करू शकते, याचा याहून उजळ दाखला नाही. म्हणून आमचे म्हणणे तपासणीच्या विरुद्ध नाही. ते तपासणीच्या बाजूचेच आहे.

त्याचप्रमाणे सावधगिरीसही आमचा विरोध नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सांगितले की गर्भवती व गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता, मुले, विशेषतः सहा वर्षांखालील, मज्जासंस्थेचे रोगी, मूत्रपिंडे दुर्बल झालेले रुग्ण आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले लोक यांच्या दातांत शक्यतो नवे पारदमिश्रण भरू नये. त्याच निवेदनात त्याने असेही बजावले की सुस्थितीत असलेली जुनी चांदी वैद्यकीय निकड नसताना काढू नये. नॉर्वेने २००८ साली आणि स्वीडनने २००९ साली पारदमिश्रण बंद केले. युरोपीय संघाने २०१८ पासून पंधरा वर्षांखालील मुले, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता यांच्यासाठी, आणि २०२५ पासून मोजके अपवाद सोडता सर्वांसाठीच ते थांबविले. यामागचे मोठे कारण दवाखान्याच्या गटारातून, टाकाऊ चांदीतून आणि स्मशानातील धुरातून पारा शेवटी नदी-समुद्रात जातो, हे आहे. म्हणजे दातांतला पारा आमच्या ताटात येण्याचा रस्ता आहे खरा, पण तो दाढेतून घशात उतरणारा नसून दंतवैद्याच्या मोरीतून समुद्राला मिळणारा आहे.

मग तपासणी कोणी करावी? सर्वप्रथम ज्यांचा हात रोज पाऱ्यात असतो त्यांनी. पूर्वी दंतवैद्याच्या दवाखान्यातील मदतनीस खलबत्त्यात पारा व भुकटी घोटीत आणि जास्तीचा पारा कापडातून बोटांनी पिळून काढीत. आता बंद कुप्या आल्या. पण जेथे जुनी रीत चालू असेल तेथील मदतनिसांची आणि विद्यार्थ्यांची लघवी नियमाने तपासली गेली पाहिजे. रुग्ण वर्षातून तास-दोन तास त्या खोलीत बसतो. मदतनीस रोज आठ तास बसतो. आजवरच्या साऱ्या आरडाओरड्यात या गरीब माणसाचे नाव कोणी घेतल्याचे आम्हांस आठवत नाही. पाऱ्याने सोन्याचा मुलामा देणारे कारागीर याच पंक्तीत बसतात. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ साली बंद पडला आणि तेथील ५९१ माजी कामगारांना तडजोडीची रक्कम मिळावयास २०१६ साल उजाडले. लघवीतील पारा सुमारे दोन महिन्यांत निम्म्यावर येतो. त्यामुळे काम सुटून वर्षे लोटल्यावर केलेली तपासणी निर्दोष निघाली तरी ती पूर्वी काहीच झाले नव्हते असे सिद्ध करीत नाही. कामगारांची तपासणी काम चालू असतानाच व्हावयास हवी, ती याचसाठी.

आणखी एक वर्ग आहे, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही. लघवीत पारा खरोखरच वाढलेला आढळला तर दाढांकडे बोट दाखविण्यापूर्वी घरातील आरशासमोरच्या डब्या तपासाव्यात. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांना २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण आढळले. त्यांपैकी १५ जणांचा विकार एका दुर्मिळ प्रकारचा होता, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची मलमे लावीत असत. पाऱ्याच्या क्षाराने कातडी गोरी होते खरी, पण मूत्रपिंडे काळवंडतात. पारदयुक्त भस्मे व रसायने कोणाच्याही सांगण्यावरून, मात्रेचा विचार न करता घेणाऱ्यांनीही हाच बोध घ्यावा.

तपासणी कशी करावी, हेही थोडक्यात सांगतो. कोणतेही धातू ओढणारे औषध न घेता, धातूचा अंश नसलेल्या स्वच्छ बाटलीत सकाळची किंवा चोवीस तासांची लघवी द्यावी. तिच्यातील क्रिएटिनिनही मोजले जावे, म्हणजे पाणी कमी-अधिक प्याल्याने आकडा फसवीत नाही. अहवालावर मर्यादा कोणती धरली आहे आणि ती कोणाची, हे लिहिलेले असावे. भरलेल्या दाताला लागून गालाच्या आत पांढरे चट्टे किंवा जखमा असतील तर ती ॲलर्जीची शंका होय. तिच्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे कातडीवर पट्टी लावून करावयाची वेगळी चाचणी असते, लघवीची नव्हे. ज्याला लक्षणे नाहीत, जो पाऱ्यात काम करीत नाही आणि ज्याची चांदी घट्ट आहे, त्याला कसल्याच तपासणीची गरज नाही.

सरकारकडून आमच्या अपेक्षा तीन. एक, बांबोळीच्या वैद्यकीय व दंत महाविद्यालयांसारख्या सार्वजनिक संस्थांतून पाऱ्याची विश्वसनीय तपासणी सामान्य माणसास माफक दरात मिळावी आणि ती कोठे व कशी मिळते हे जाहीर व्हावे. खरी दारे बंद असली म्हणजेच खोट्या दारांसमोर रांगा लागतात. दोन, औषध देऊन केलेल्या लघवीच्या तपासणीचा अहवाल साध्या मर्यादेशी जोडून देणाऱ्या प्रयोगशाळांना चाप बसावा. तीन, २०३४ ची वाट न पाहता प्रत्येक दवाखान्यातील टाकाऊ पारदमिश्रण गोळा करण्याची व्यवस्था व्हावी. आणि पांढऱ्या मिश्रणाचा वाढीव खर्च गरिबाच्या माथी येऊन त्याचा दात भरण्याऐवजी उपटला जाऊ नये, याची तजवीज आजपासून व्हावी. पारा जावा, पण त्याबरोबर गरिबाची दाढ जाऊ नये.

आता त्या शिक्षकांचे. त्यांच्या सुदैवाने चांदी काढण्यापूर्वी ते एका जुन्या, अनुभवी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दोन्ही कागद बाजूस सारले, नाडी पाहिली, गळा चाचपला आणि साधी लघवी व रक्त तपासावयास पाठविले. लघवीतील पारा चारचौघांसारखाच निघाला. बिघडली होती ती गळ्यातील थायरॉइड ग्रंथी. तिच्या गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत कंप थांबला, झोप परतली. सात दाढांतील चांदी होती तेथेच आहे. पाऱ्याच्या मागे धावता धावता खरा रोग आणखी वर्षभर मोकाट राहिला असता, तर त्यांच्या हृदयाने ते सोसले असते की नाही, कोण जाणे.

चुकीच्या परीक्षेचे खरे नुकसान पैशाचे नव्हे, ते हे आहे. ती खोटे उत्तर तर देतेच, पण खऱ्या उत्तराचा शोधही थांबविते. अंगात विष किती, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. तो बजावण्यापूर्वी आपण कोणते विष, कोठून आलेले आणि कशाने मोजलेले विचारतो आहोत, एवढे पाहावे. पारा चंचल असला तरी त्याचे माप चंचल असून चालणार नाही.